खांद्याएवढा चेंडू

धुरपता रामटेके टेनिस शिकली ती शेणाने सारवलेल्या कोर्टावर. भंडाऱ्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, म्हणून आधी कोर्टाचंच सांगते.

अधिकाऱ्यांच्या क्लबचं ते कोर्ट मूळचं मुरमाचं. मुरमाची लाल धूळ साहेबांच्या पांढऱ्या पँटींवर बसायची. साठ-बासष्ट साली दक्षिणेकडचे एक जज्ज बदलून आले. आमच्याकडे कोर्टावर शेणाचा हात फिरवतात, मग धूळ उडत नाही, असं त्यांनी सांगितलं. क्लबचे माळी आणि चौकीदार केशवराव रामटेके यांनी घरी येऊन ते बायकोच्या कानावर घातलं. पार्वताबाई म्हणाली, "एवढंच ना? अंगणच त आहे, जरासं लांब."

तेव्हापासून दर शनिवारी ते अंगण तीच सारवत आली. शेण नदीपलीकडच्या कारध्याहून यायचं, तिच्या माहेरच्या गोठ्यांतून. त्यात नदीकाठची चिकणमाती कालवून ती एका टोकाला बसायची आणि मागे मागे सरकत दुसऱ्या टोकाला पोचायची. हाताच्या कमानी एकीत एक अडकत जायच्या. तिरप्या उन्हात सगळं कोर्ट माशाच्या खवल्यांसारखं दिसायचं. ते वाळलं की केशवराव चुन्याच्या पट्ट्या मारायचे.

अशा कोर्टावर चेंडू उसळत नाही. तो टप्पा घेतो आणि घोट्याच्या उंचीने सरपटत पुढे जातो. त्याला मारायचं तर वाकावं लागतं. धुरपताला ते वेगळं असं शिकावं लागलं नाही. क्लबमागच्या खोलीत ती वाढली, आईमागे बादली घेऊन वाकूनच. नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी डबल्स खेळणाऱ्या चौघांतले एक साहेब दौऱ्यावर गेलेले होते. गंमत म्हणून कुणीतरी तिच्या हातात रॅकेट दिली. तिने चेंडू जमिनीलगत असा कापून काढला की पलीकडचे जाडजूड इंजिनिअरसाहेब वाकता वाकता खाली बसले. पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा बोलावलं, तेव्हा गंमत राहिलेली नव्हती.

ती आमच्या कॉलेजात आली तेव्हा तिला शिकवायला होते पुंडलिकराव कापगते सर. सर स्वतः कबड्डीचे. टेनिसचे नियम त्यांनी पुस्तकातून पाठ केले होते आणि मैदानाबाहेर उभे राहून ते कबड्डीसारखं ओरडायचे, "पाय धर, धुरपता, पाय धर!" ती कुणाचाही पाय न धरता जिंकायची. आम्ही मुली तास बुडवून बघायला जायचो. बाकीच्या कॉलेजांच्या मुली पांढरे आखूड स्कर्ट घालून यायच्या. धुरपता पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, ओढणी कमरेला बांधून. तिच्या रॅकेटीतून चेंडू निघाला की जाळीच्या अगदी वरून जायचा आणि पलीकडे पडला की उठायचाच नाही. समोरच्या मुली तो जमिनीतून खणून काढल्यासारख्या मारायच्या.

एकोणीसशे ऐंशीच्या अखेरीला विद्यापीठांच्या सामन्यांत ती शेवटपर्यंत पोचली आणि जिंकली. ते कोर्ट हिरवळीचं होतं आणि हिरवळीवरही चेंडू खालीच राहतो, याचा विचार त्या वेळी कुणाला सुचला नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. कापगते सरांनी तो स्टाफरूमच्या दारावर चिकटवला आणि वर्षभर काढू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती बी. ए. झाली. केशवरावांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. बी. पी. एड. करायचं आणि एखाद्या शाळेत लागायचं. मुलगी एवढी शिकली, फोटो छापून आला, आता पुढची वाट सरळ होती. धुरपता अंगणात कपडे वाळत घालत होती. ती दोरीकडे बघतच म्हणाली, "बाबा, मले खेळाचं आहे."

"खेळते त आहेस."

"तसं नाही. खेळावरच राहाचं आहे."

केशवरावांनी खुरपं खाली ठेवलं. "म्हणजे कसं?"

ते कसं, हे तिलाही नीट माहीत नव्हतं. ते कापगते सरांनी शोधून काढलं. नागपूरला ललिताबाई म्हणून एक होत्या. स्वतः पूर्वी राज्याकडून खेळलेल्या, आता मुलींना तयार करायच्या. दर हिवाळ्यात त्या दोन मुलींना घेऊन बक्षिसांच्या स्पर्धांना निघायच्या. सहा आठवडे, सहा शहरं. ज्यांचं नाव अजून कुठेच नाही, त्यांनी सोमवारी पात्रतेचे सामने खेळायचे. जिंकलं तर मुख्य स्पर्धेत जागा. हरलं तर आठवडाभर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा आणि पुढच्या गावी पुन्हा सोमवार. त्या वर्षी न्यायच्या दोघींपैकी एक मुलगी ठरली होती. एक जागा रिकामी होती.

दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू असताना सरांनी निरोप आणला. ललिताबाई रविवारी येणार, दुपारी दोनला खेळ बघणार.

पार्वताबाईने तो निरोप ऐकला आणि तिला एवढंच उमगलं की नागपूरची मोठी बाई आपल्याकडे येते आहे. असा पाहुणा यायचा तर अंगण ताजं सारवलेलं हवं. शनिवारचं सारवण झालेलं होतं. रविवारी पहाटे उठून तिने पुन्हा हात फिरवला, नेहमीपेक्षा जाड, दुप्पट मायेने. कोपऱ्यांत रांगोळीची फुलंही काढली. केशवराव उठून बाहेर आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"अवं, हे काय करून ठेवलंस? ओलं आहे न सारं!"

"वाळते. ऊन आहे."

"नोव्हेंबरचं ऊन ते! दोन वाजतापर्यंत कसं वाळन?"

"मंग काय पाहुण्याले कालच्या अंगणात आणाचं?"

दोन वाजता कोर्ट वरून वाळलेलं आणि आतून ओलं होतं. ललिताबाई उंच, केस कापलेल्या, उन्हाने रापलेल्या. रांगोळी मोडू नये म्हणून त्या वळसा घालून आत आल्या. त्यांनी पहिला चेंडू मारला. तो जिथे पडला तिथेच राहिला, ओल्या गोवरीवर मारल्यासारखा चिकटून. दुसरा पडला आणि जरासा घरंगळला. तिसऱ्यावर त्या हसायला लागल्या आणि खूप वेळ हसत राहिल्या. कापगते सर खाली मान घालून उभे. धुरपताचे कान लाल झालेले.

मग त्यांनी स्वतः खाली बसून बोटाने सारवण दाबून पाहिलं. "हे कोणी केलं?"

"मी," पार्वताबाई म्हणाली. चहाची कपबशी तिच्या हातातच होती.

"फार सुरेख हात आहे तुमचा." ललिताबाईंनी चहा घेतला आणि खुर्चीवर न बसता कठड्यावर बसल्या. मग धुरपताला म्हणाल्या, "मी तुला नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टावर पाहिलंय, मागच्या वर्षी. आठवतं? पहिल्याच फेरीत हरलीस."

"हो, मॅडम."

"या कोर्टावर तुला कोणी हरवणार नाही. पण आपण जाऊ तिथे सहापैकी पाच गावी सिमेंट आहे. तिथे चेंडू इथवर येतो." त्यांनी आपल्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुला तो कमरेखालीच लागतो. तू तो खाली यायची वाट बघत मागे जातेस. मागे जाऊन जाऊन तू भिंतीला लागशील आणि सामना संपेल."

ललिताबाईंनी रिकामा कप कठड्यावर ठेवला.

"मी दहा जानेवारीला निघते. आठ तारखेला नागपूरला ये. खांद्याएवढा चेंडू मारता आला तर तुला नेईन. नाही आला तर वाईट वाटून घेऊ नकोस, बी. पी. एड. चांगलंच आहे."

त्या गेल्यावर पार्वताबाईने रांगोळी पुसून टाकली. संध्याकाळी ती केशवरावांना म्हणाली, "म्हणजे माह्या सारवणानंच पोरीचा घात केला."

"कायले मनाले लावून घेतेस? त्याच सारवणावर त शिकली ते."

"तेच म्हणून राहिली मी."

भंडाऱ्यात सिमेंटचं कोर्ट नव्हतं. नागपूरला रोज जाणं जमणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पार्वताबाई भांडी घासता घासता थांबली. "सत्यवतीच्या गिरणीत केवढी मोठी फरशी आहे," ती म्हणाली.

सत्यवती म्हणजे तिची धाकटी बहीण. ती तुमसरला एका उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या गिरणीत कामाला होती. तिथे धान हौदात भिजवतात, वाफवतात आणि सिमेंटच्या भल्यामोठ्या फरशीवर वाळायला पसरतात. बाया दिवसभर त्यात पाय ओढत फिरून धान खालवर करतात. चार वाजता ते गोळा करून टोपल्यांनी आत नेलं की अंधार पडेपर्यंत फरशी मोकळी.

धुरपता एसटीने तुमसरला गेली ती थैलीत क्लबचे चाळीस जुने चेंडू घेऊन. त्यांची लव झडून ते गुळगुळीत झाले होते. गिरणीच्या दिवाणजींनी चष्म्यावरून आधी चेंडूंकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "धानात गेला त?"

"शोधून काढन ते," सत्यवती म्हणाली. "आमचीच पोट्टी आहे, धानाची किंमत समजते तिले."

"अन् फरशी?"

"झाडून देईन," धुरपता म्हणाली. यावर दिवाणजींनी मान हलवली.

पहिल्या दिवशी सत्यवती आणि तिच्यासोबतची मालनबाई हौदाच्या कठड्यावर चढल्या आणि वरून चेंडू जोराने फरशीवर आपटायला लागल्या. टकलू चेंडू सिमेंटवरून असा उसळला की धुरपता मान मागे टाकून बघतच राहिली. दुसरा तिच्या खांद्यावर बसला. तिसऱ्याने रॅकेट हातातून वळवली.

"अवो, हे खेळून राहिली का मार खाऊन राहिली?" मालनबाई वरून ओरडली.

"तू फेक न बाई, गोष्टी नोको सांगू!"

"फेकते त आहो! हे पाह्य, आता नाकावर देते."

घरी जायच्या बाया थोडा वेळ थांबायच्या, हसायच्या आणि मग पोरं वाट बघतात म्हणून निघायच्या. तीन आठवडे हेच चाललं. चेंडू वर यायचा, धुरपता मागे जायची. तो ओळखीच्या उंचीवर उतरेपर्यंत ती इतकी मागे पोचायची की तिची पाठ गोदामाच्या भिंतीला लागायची. ललिताबाई म्हणाल्या होत्या अगदी तसंच. मनगट सुजलं. सत्यवतीने हळद-तेल लावलं. भंडाऱ्याहून पार्वताबाईचा निरोप आला, कसं चाललंय. धुरपताने उलट निरोप पाठवला, चाललंय.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस आभाळ भरून आलं. चार वाजायच्या आधीच धान उचलायची घाई झाली. धुरपता बसली होती ती उठली, डोक्यावर चुंबळ ठेवून सत्यवतीसमोर उभी राहिली. दोघी-तिघींनी टोपलं उचललं आणि वर लोटलं. ते डोक्याच्या वर पोचून खाली येईपर्यंत धुरपता थांबली आणि मग टोपलं तिच्या डोक्यावर असं आदळलं की तिचे गुडघे वाकले आणि पसाभर धान फरशीवर सांडलं.

"काहून थांबली?" सत्यवती खेकसली. "मान मोडून घेशील! टोपलं वर जाऊन राहिलं तवाच त्याच्याखाली जाचं. वर जाते तवा त्याले वजन नसते. खाली येऊ देलं का ते दुप्पट होते."

"पुन्हा दे, मावशी."

"अवं, आभाळ आलं—"

"दे न."

दुसरं टोपलं वर निघालं तशी धुरपता एक पाऊल पुढे आली आणि त्याच्याखाली शिरली. ते डोक्यावर आलं तेव्हा खरोखरच त्याला वजन नव्हतं. ती तशीच उभी राहिली. मागची बाई म्हणाली, "चाल न वं, वाटेत काय उभी?" ती चालायला लागली. त्या दिवशी तिने सगळ्यांपेक्षा जास्त खेपा केल्या आणि एकाही खेपेला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं. मालनबाईने चेंडू आपटला. धुरपता मागे गेली नाही. ती पुढे आली, जवळजवळ टप्प्यावरच, आणि चेंडू अजून चढत असतानाच त्याला रॅकेट लावली. तो गिरणीच्या छपरावरून पलीकडच्या रस्त्यावर गेला. पुढचाही गेला. पाचवा समोरच्या भिंतीवर लागला, मध्यावर, कमरेच्या उंचीला. मालनबाई कठड्यावरून खाली उतरली आणि भिंतीवरचा ठिपका बोट लावून बघून आली. "लागला बाप्पा!" ती म्हणाली.

आता उरले होते अकरा दिवस. रोज दोन तास. छपरावरचे चेंडू शेवटी दिवाणजींनीच शिडी लावून काढून दिले.

आठ जानेवारीला नागपूरला कापगते सर सोबत गेले. पार्वताबाईही निघाली होती, पण ऐनवेळी म्हणाली, "नाही. मी आली का काही न काही करून ठेवते." ललिताबाईंनी पलीकडून वीस चेंडू मारले, सगळे उंच, सगळे डाव्या खांद्यावर. पहिल्या दहातले सहा बाहेर गेले. सर ओरडायचं विसरून रुमाल पिळत होते. अकराव्यापासून धुरपता रेषेच्या आत येऊन उभी राहिली. ललिताबाईंनी विसावा चेंडू मारला आणि रॅकेट काखेत धरून जाळीपाशी आल्या.

"शेवटच्या दहांतले सात आत. बरे आहेत, फार चांगले नाहीत. पण हे पुढे येऊन घेणं कुठे शिकलीस?"

"मावशीजवळ."

"मावशी कुठे खेळतात?"

"खेळत नाही, मॅडम. धान वाळवते."

ललिताबाईंनी रॅकेट खोळीत घातली. "परवा सकाळी दहाला स्टेशनवर ये," त्या म्हणाल्या. "गरम कपडे घे. अहमदाबादला थंडी असते."

यापुढचं सोपं असेल असं घरी सगळ्यांना वाटलं. पार्वताबाईने वस्तीत साखर वाटली. केशवरावांनी बी. पी. एड.चा अर्ज ट्रंकेत ठेवला, फाडला मात्र नाही.

अहमदाबादला धुरपता पहिल्याच सोमवारी हरली. मुंबईला हरली, पुण्याला हरली. तिथल्या मुली लहानपणापासून शिकवलेल्या, आपसांत इंग्रजीत बोलणाऱ्या. त्यांच्या रॅकेटी हलक्या, धातूच्या. तिची लाकडाची, क्लबने दिलेली. चेंडू खांद्यावर आला की ती पुढे जायची, आठ-दहा फटके सुरेख लागायचे. मग गुण अडचणीत आले की जुनी सवय पायात शिरायची आणि ती एक पाऊल मागे घ्यायची. तेवढं एक पाऊल पुरायचं. मंगळवार ते रविवार ती दुसऱ्यांचे सामने बघायची, सोबत आलेल्या दुसऱ्या मुलीला सरावासाठी चेंडू मारून द्यायची, संध्याकाळी घरी पोस्टकार्ड लिहायची. त्यात ती गावाबद्दल लिहायची. समुद्र कसा आहे, पुण्यात भात कसा करतात. निकाल नसायचा. केशवराव कार्ड मोठ्याने वाचायचे आणि पार्वताबाई ऐकून म्हणायची, "हरली पोरगी." कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "भाताचं लिवते न."

चौथं गाव बंगलोर. तिथेही सोमवार संपला. पाचव्या गावी, हैदराबादला उतरल्यावर रविवारी तिने ललिताबाईंना सांगितलं, "मॅडम, मी इथूनच जाते घरी. दिल्लीला नाही येत."

ललिताबाई बुटांच्या नाड्या ओवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "उद्याचा सामना खेळणार आहेस ना?"

"हो."

"मग तिकीट मंगळवारचं काढ."

तिने सिकंदराबाद स्टेशनवर जाऊन मंगळवारचं नागपूरचं तिकीट काढलं आणि ते रॅकेटीच्या खोळीत ठेवलं. त्या रात्री ती शांत झोपली. पुढे काय करायचं हे ठरलं होतं आणि ठरलेल्या गोष्टीची भीती नसते, असं तिने मला नंतर सांगितलं.

सोमवारची मुलगी मद्रासची होती, धातूच्या रॅकेटीची, चार वर्षांनी लहान. पहिला सेट धुरपता हरली. दुसरा जिंकला. तिसऱ्यात चार-चार झाले, तेव्हा समोरच्या मुलीने तिचं दुखणं ओळखलं आणि प्रत्येक चेंडू उंच, डाव्या खांद्यावर टाकायला सुरुवात केली. आधीच्या चारही सामन्यांत याच ठिकाणी धुरपताचे पाय मागे गेले होते. आताही उजवी टाच उचलली गेली. पण घरी जायचंच आहे, तर इथे मागे सरकून मिळवायचं काय, असा विचार तिच्या मनात आला. तिने टाच खाली टेकवली आणि पुढे पाऊल टाकलं. चेंडू चढत होता. तिने तो तिथेच घेतला, हलका असताना. एकदा, दोनदा, मग मोजणं सुटलं. शेवटचा चेंडू मद्रासच्या मुलीच्या डाव्या बाजूने निघून गेला आणि ती मुलगी जाळीपाशी हात पुढे करून आली, तेव्हा धुरपताला कळलं की सामना संपला आहे.

ललिताबाईंनी फलकापाशी जाऊन मुख्य स्पर्धेतलं तिचं नाव वाचलं. "मंगळवारी, दुपारी तीन," त्या म्हणाल्या. "पहिल्या मानांकनाच्या मुलीशी. बहुधा हरशील."

"हो, मॅडम."

"पण मुख्य स्पर्धेत हरशील."

धुरपता हसली, तोंडावर ओढणी धरून. मग एकदम तिला आठवण झाली आणि ती तशीच, घामाच्या कपड्यांत, बस पकडून स्टेशनवर गेली. खिडकीवरच्या बाबूने तिकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"कल का है. क्या हुआ, जाना नहीं?"

"नहीं."

"कब का बना दूँ फिर?"

मंगळवारनंतर बुधवार होता, मग दिल्ली, आणि दिल्लीनंतर काय ते तिला माहीत नव्हतं. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करत होती.

"अभी मत बनाओ," ती म्हणाली. "कैन्सल कर दो."